यंत्राच्या कानाला हळद

रामेश्वर गोर्डेला ती बातमी कळली तेव्हा त्याच्या हातात साबुदाण्याच्या खिचडीची बशी होती. श्रावणी सोमवार होता, सबनीस मॅडमचाही उपास होता. कारखान्याच्या मुख्य बाईंनी एका शिफ्ट इन्चार्जला स्वतःच्या केबिनमध्ये बसवून खिचडी खाऊ घालावी, यातच खरं तर सगळं आलं होतं. पण माणसाला मान मिळाला की त्याची अक्कल थोडा वेळ सुट्टीवर जाते.

“दिवाळीनंतर विश्रांती हॉल बंद करतोय आपण,” मॅडम म्हणाल्या. “तुम्ही राहाल. नवीन यंत्र तुमच्याकडेच असेल. बाकीच्यांचं काय करायचं ते आम्ही बघू. पण तोवर हे या खोलीबाहेर गेलं, तर मला तुमच्याबद्दलही वेगळा विचार करावा लागेल.”

रामेश्वरने मान डोलावली आणि खिचडी संपवली. खिचडीत दाण्याचं कूट जरा जास्त झालं होतं, हेही त्याच्या लक्षात राहिलं. अडीचशे माणसांच्या पोटाची गोष्ट ऐकताना आपण कूट मोजत होतो, याची लाज त्याला पुढे वाटायची होती. त्या दिवशी वाटली ती सुटका.

बिडकीनच्या पुढे, जिथे एके काळी कापूस आणि मोसंबी होती, तिथे अरणी कंपनीचा हा बॅटरीचा कारखाना. विजेवरच्या गाड्यांच्या बॅटरीत वहीएवढे सपाट सेल असतात, ते इथे बनत. आता सेल बनला आणि लगेच गाडीत बसला, असं नसतं. तो पहिल्यांदा अगदी सावकाश चार्ज करतात, तेव्हा त्याच्या आत एक अतिशय पातळ थर धरतो, दुधावर साय धरते तसा. हा थर सगळीकडे सारखा धरला तर सेल वर्षानुवर्षं चालतो. कुठे विरळ राहिला तर तिथून वीज आतल्या आत झिरपत राहते आणि एखाद्या दिवशी भर रस्त्यात गाडी तापते. हे झिरपणं इतकं हळू असतं की त्या दिवशी, त्या आठवड्यात काही दिसतच नाही. म्हणून नवे सेल ट्रेमध्ये मांडून एका उबदार हॉलमध्ये दोन-तीन आठवडे नुसते पडू द्यायचे आणि मग त्यांचं व्होल्टेज मोजायचं. ज्याचं उतरलं तो बाद. या हॉलला कागदावर लांबलचक इंग्रजी नाव होतं. तिथल्या बाया त्याला विश्रांती हॉल म्हणायच्या, आणि पुढे साहेबलोकही तेच म्हणायला लागले.

ट्रे चढवायचे, उतरवायचे, फिरवायचे, मोजायचे. या कामावर अडीचशे माणसं होती, त्यातल्या बहुतेक आसपासच्या गावांतल्या बाया. हे काम रोबोही करू शकले असते, पण बाया स्वस्त पडत होत्या. ही गोष्ट वर्धापनदिनाच्या भाषणात कोणी म्हणत नसे.

नव्या यंत्राला ही विश्रांतीच नको होती. ते सेलला दोन मऊ रबरी गाद्यांमध्ये धरायचं, एका बाजूने माणसाला ऐकू न येणारा आवाज सोडायचं आणि दुसऱ्या बाजूने ऐकायचं. आतला थर नीट असेल तर आवाज सरळ पार जायचा. कुठे पोकळी किंवा विरळपणा असेल तर अडखळायचा, मागे फिरायचा. लाखो सेलचे असे आवाज आणि पुढे त्या सेलचं काय झालं, हे दोन्ही यंत्राला आधीच शिकवून ठेवलं होतं. त्यामुळे तीन आठवड्यांनी कळायचं ते त्याला लगेच कळायचं. चांगला असेल तर हिरवा दिवा, वाईट असेल तर लाल. खोक्यातून निघाल्या निघाल्या बायांनी त्याचं नाव ठेवलं, कान. “हा मदतीला आलाय,” असं त्यांना सांगण्यात आलं. सांगणारा रामेश्वरच होता.

त्या बायांमध्ये द्वारका होती. रामेश्वरची थोरली भावजय. ती लग्न होऊन आली तेव्हा तो शाळेत जात होता, आणि दप्तरात भाकरी बांधून देणारी तीच होती. थोरला भाऊ अपघातात गेला त्याला पुष्कळ वर्षं झाली. द्वारका आणि तिची मुलगी पल्लवी गल्लीच्या टोकाला दोन खोल्यांत राहायच्या. हॉलमध्ये ती सगळ्यांसमोर त्याला साहेब म्हणायची आणि घरी भाऊजी.

गौरी जेवल्या त्या दिवशी ती रामेश्वरकडे आली. तो ताटावर बसला होता, ती दाराशी टेकली.

“भाऊजी, पैठणच्या नर्सिंग कॉलेजातून फोन आला होता. पोरींच्या वसतिगृहावर बाई पाहिजे त्यांना. कायमची नोकरी. ऱ्हायाला खोली बी देऊ राहिले. पल्लवीचं शिक्षण तिथंच होऊन जाईन.”

“मग?”

“मग काय. इथं पगार बरा हाये, बाया सगळ्या जिवाभावाच्या. पण हे काम टिकंन ना? तुम्ही साहेबलोकांत बसता. तुम्ही म्हणाल तसं करते.”

रामेश्वरने पुरणपोळीवर तूप ओतून घेतलं. तोंडापर्यंत आलेलं वाक्य त्याने घासाबरोबर गिळलं.

“इथं काय वाईट आहे, वहिनी?” तो म्हणाला.

आपण खोटं बोललो नाही, नुसता प्रश्न विचारला, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. द्वारकाने पैठणला नाही म्हणून कळवलं, आणि आठवडाभरात त्या जागेवर दुसरी बाई लागली.

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा व्हायची. विश्रांती हॉलची पूजा द्वारका करायची, आणि ते सहजासहजी घडलेलं नव्हतं. हॉल सुरू झाला त्या वर्षी पहिला ट्रे तिने मांडला होता, म्हणून बायांनी तिला पुढे केलं. ती मागे सरली. “मला चालत नाही गं,” म्हणाली. नवरा गेल्यापासून तिने हळदी-कुंकवाच्या ताटाला बोट लावलं नव्हतं. गावात कोणी लावूही दिलं नसतं. तेव्हा हॉलमधलीच शमीम पुढे होऊन म्हणाली, “मग मी लावते. मला तर कुठं काय लावायचं तेबी माहीत नाही.” सगळ्या खदखदून हसल्या, आणि त्या हसण्यात सिंधूने द्वारकाचा हात धरून सरळ हळदीच्या वाटीत बुडवला. तेव्हापासून दरवर्षी पहिली हळद द्वारकाची. त्या एका दिवशी ती हिरवं लुगडं नेसून यायची. रामेश्वरला ते बघून भरून यायचं. माझ्या हॉलमध्ये हे होतं, असं तो चारचौघांत सांगायचा.

या वर्षी कान नवा होता. द्वारकाने वाटीत हळद कालवली आणि यंत्राभोवती एक फेरी मारली.

“साहेब, पोळ्याला आपण बैलाचे खांदे मळतो. जे अंग राबतं त्याला हळद. ह्याचं कामाचं अंग कोणतं?”

“ह्या गाद्या,” रामेश्वरने बोट दाखवलं.

तिने दोन्ही गाद्या हळदीने छान मळल्या, अगदी बैलाचा खांदा मळावा तशा हलक्या हाताने. गाद्या मूळच्याच मोहरीसारख्या पिवळ्या रबराच्या, त्यामुळे हळद लावली काय आणि न लावली काय, डोळ्याला काही फरक दिसला नाही. मग तिने यंत्राला हात जोडले. “नवा आलास बाबा. आमाला सांभाळून घे.”

रामेश्वरच्या हातात नारळ होता. तेवढ्यात सिंधूने विचारलं, “साहेब, ह्याच्यामुळं आपल्या कामाला धक्का नाही ना काही?” फार काळजीने विचारलं असंही नाही. आज पाणी येणार का, असं विचारतात तसं विचारलं.

“नाही गं. मदतीला आणलाय.”

आणि त्याने नारळ फोडला. एकाच फटक्यात फुटला, बायांनी टाळ्या वाजवल्या. तो तुकडे गोळा करायला खाली वाकला आणि उगाच बराच वेळ वाकूनच राहिला, कारण वर बघायची त्याची हिंमत नव्हती.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी चाचणी सुरू झाली. पहिला सेल लाल, दुसरा लाल. आधी तपासून ठेवलेले चांगले सेल घातले, तेही लाल. यंत्र बनवणाऱ्यांचा चिन्मय नावाचा पोरगेलासा इंजिनिअर पुण्याहून आला. त्याने तारा बदलल्या, प्रोग्राम पुन्हा भरला, परदेशात फोन लावले. कानाला जगात एकही सेल चांगला वाटत नव्हता. असे तीन-चार दिवस गेल्यावर सबनीस मॅडम स्वतः हॉलमध्ये आल्या.

“पुरे झालं,” त्या चिन्मयला म्हणाल्या. “घेऊन जा परत. हॉल आहे तसा चालू दे. दोन वर्षांनी बघू.”

हॉल आहे तसा चालू दे! रामेश्वरच्या छातीवरून कोणी धोंडा उचलला. संध्याकाळी वहिनींकडे चहाला जायचं, असं त्याने मनात ठरवूनही टाकलं. कित्येक दिवसांत तो तिकडे फिरकला नव्हता.

चिन्मय गाद्यांकडे बघत पुटपुटला, “आवाज गादीतून बाहेरच पडत नाहीये असं वाटतं. पण गाद्या तर नव्या आहेत.”

आणि रामेश्वरला लख्ख कळलं. त्याची बायको अर्चना पोटुशी असताना सोनोग्राफीवाल्या डॉक्टरने पोटाला आधी थंडगार जेल फासलं होतं. कशाला, असं त्याने विचारल्यावर डॉक्टर म्हणाला होता, मध्ये हवेचा पापुद्रा राहिला तर आवाज आत जातच नाही, तिथूनच परत फिरतो. गादीवरची हळद वाळून तिचा खरबरीत पापुद्रा झाला असणार आणि त्याच्या खाली-वर हवा. कान सेलला ऐकतच नव्हता. तो हळदीला ऐकत होता.

कळलं तर कळलं. तोंड मिटून उभं राहायचं, बस. यंत्र गाडीत चढलं असतं, हॉल वाचला असता, द्वारका वाचली असती, आणि त्याचं स्वतःचंही काही बिघडलं नसतं.

“मला कळलंय काय झालंय ते,” रामेश्वर म्हणाला.

सगळे त्याच्याकडे वळले. मॅडम वळल्या, पुण्याचा इंजिनिअर वळला, मॅडमबरोबर आलेले वरच्या ऑफिसातले दोघं वळले. इतक्या वर्षांच्या नोकरीत एवढी माणसं एकदम त्याच्याकडे कधी वळली नव्हती, आणि ते त्याला फार गोड वाटलं. दुसरं काही कारण नव्हतं. धमकी नव्हती, आमिष नव्हतं. परदेशातल्यांना जमलं नाही ते आपल्याला जमलं, हे चार माणसांनी बघावं, एवढ्याचसाठी त्याने खिशातून रुमाल काढला, ओला केला आणि दोन्ही गाद्या घासून पुसल्या. रुमाल पिवळाधमक झाला. “पूजेची हळद,” तो हसून म्हणाला.

पहिला सेल हिरवा. दुसरा हिरवा. मध्ये मुद्दाम घातलेला खराब सेल बरोब्बर लाल.

“सर, कमाल केलीत!” चिन्मय म्हणाला. त्याआधी तो त्याला अहो गोर्डे म्हणत होता. मॅडमनी त्याचा हात हातात घेतला. पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करता येईल, असं त्यांनी विचारलं, तर रामेश्वर त्या भरात म्हणाला, दारातच नळ बसवू, हातावर-कपाळावर काहीही असेल तर धुऊनच आत सोडायचं. मग त्याची नजर काचेपलीकडे गेली. द्वारका आणि सिंधू दोन्ही बाजूंनी ट्रे धरून चालल्या होत्या आणि कसल्यातरी बोलण्यावर हसत होत्या. बोलायचं होतं तेव्हा तो गप्प बसला होता, आणि गप्प बसायचं होतं तेव्हा बोलला होता. तोवर पुढच्या सेलला पुन्हा हिरवा दिवा लागला होता.

भाऊबीज झाली आणि तिसऱ्या दिवशी सगळ्यांच्या मोबाईलवर निरोप आले. नम्र भाषेतले, शुभेच्छांसकट. हॉल बंद, काम संपलं.

गावाला कारण लागतं, आणि जवळचं कारण आधी सापडतं. हळदीने यंत्र बिघडलं, साहेबलोक भडकले, म्हणून सगळ्यांना काढलं, असं लोक बोलू लागले. मग हळद कोणाची? द्वारकाची. आणि द्वारका कोण? इथवर आल्यावर पुढचं बोलायला कोणाला फार विचार करावा लागला नाही. एवढ्या वर्षांनी पुन्हा सगळ्यांना आठवलं की ती विधवा आहे.

हे रामेश्वरला अर्चनाने सांगितलं. “नळावर बाया काय बोलू राहिल्या, कानावर येतं का तुमच्या?” ती म्हणाली. “वहिनी दोन दिस झाले दाराबाहेर निघाल्या नाहीत.”

तो गेला तेव्हा द्वारका तूर निवडत बसली होती. त्याला बघून उठली, पदर सावरला, आणि तो काही बोलायच्या आत म्हणाली,

“भाऊजी, मह्यामुळं तुमाला साहेबलोकांची बोलणी बसली असतीन. माफ करा मला.”

रामेश्वरला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं.

“तुमच्यामुळं काही झालं नाही, वहिनी.”

“झालं की.” ती पुन्हा सुपाशी बसली. “काल सिंधू मला पाहून घागर अर्धीच उचलून निघून गेली. जिनं महा हात धरून हळदीत घातला ना, तीच. तिचं तरी काय चुकलं? लेकरं हायेत तिला. चूक मही हाये. जे आपल्याला चालत नाही ते माणसानं करू नाही. लोक म्हणतेत ते काही उगंच म्हणत नसतेन.”

हे ती रागाने म्हणाली असती तर त्याने ऐकून घेतलं असतं. पण तिला ते खरंच पटलं होतं. एवढ्या वर्षांत बायांनी तिच्या मनातून जे काढून टाकलं होतं ते परत येऊन बसलं होतं, आणि ते आणून बसवणारा तो होता.

“वहिनी, हे श्रावणातच ठरलं होतं,” तो म्हणाला. “यंत्र यायच्या आधीच. हळदीचा काही संबंध नाही. मला माहीत होतं.”

द्वारकाचा हात सुपात थांबला.

“श्रावणात?”

“हो.”

“म्हंजे गौरीच्या दिवशी मी विचारलं तवा…”

“माहीत होतं.”

“पुरणपोळी खात होते तुम्ही,” ती म्हणाली. पैठणचं नाव तिने काढलं नाही. मग विचारलं, “अन् यंत्र बंद पडलं होतं ते? ते तसंच राहिलं असतं तर?”

“परत पाठवणार होते. हॉल चालू राहिला असता.”

“मग हळदीचं त्यांना कोणी सांगितलं?”

“मी.”

आतल्या खोलीत पल्लवी होती, ती बाहेर आली नाही. द्वारकाने सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला.

“हे मला कशाला सांगता, भाऊजी? बायांना सांगा.”

दुसऱ्या दिवशी, दुपारच्या पाळीआधी, बाया कंपनीचे बूट आणि कोट परत द्यायला कारखान्याजवळच्या, गावाच्या फाट्यावर, बसच्या शेडखाली जमल्या होत्या. द्वारकाही आली, पण शेडच्या बाहेर, उन्हात उभी राहिली. रामेश्वर पुढे झाला. तोंडपाठ करून आणलेलं सगळं तो विसरला आणि भलत्याच टोकापासून बोलायला लागला, खिचडीपासून. पण सांगितलं सगळं. श्रावणातलं ठरणं, स्वतःची टिकलेली नोकरी, गाद्यांकडे बोट दाखवणं, रुमाल. “वहिनींचा ह्यात काही दोष नाही,” असं शेवटी म्हणाला.

सिंधू म्हणाली, “नारळ फोडताना मी विचारलं होतं की ओ तुमाला.”

एवढंच. त्यापुढे ती त्याच्याशी बोललीच नाही. ती शेडबाहेर गेली आणि द्वारकासमोर उभी राहिली. “चुकलं गं मव्हं,” म्हणाली आणि भर रस्त्यात रडायला लागली. शमीम समोरच्या दुकानातून हळदीची पुडी घेऊन आली. बाटलीतलं पाणी घालून कोणाच्या तरी डब्याच्या झाकणात ती कालवली. सिंधूने द्वारकाचा हात धरला. द्वारकाने तो मागे ओढला, पण सिंधू आधीही ऐकणारी नव्हती आणि आताही नव्हती.

मग द्वारकाने एकेकीच्या कपाळाला बोट लावलं. काम गेलेल्या, बूट परत करायला आलेल्या त्या बाया एकामागून एक पुढे येत होत्या. शमीमने हात पुढे केला, तेव्हा तिच्या मनगटाला हळद लावली. सगळ्यांचं झालं तेव्हा झाकण हातात घेऊन द्वारका रामेश्वरजवळ आली. तो मान खाली घालून उभा होता. तिने त्याच्या कपाळावर हळदीचं बोट ओढलं.

“हे तेवढं पुसू नका, भाऊजी,” ती म्हणाली आणि बायांमध्ये जाऊन मिसळली.

दुपारची पाळी त्याचीच होती. हॉलच्या दारात नवा नळ बसला होता, वर ‘धुऊनच आत या’ अशी पाटी होती, आणि पहारेकरी नवा होता. त्याने रामेश्वरकडे बघितलं आणि ओशाळून म्हणाला, “साहेब, कपाळ.”

रामेश्वर नळापाशी थांबला. परत फिरण्यापासून त्याला कोणी अडवलं नव्हतं. फाटक उघडं होतं, फाटा तिथून दिसत होता, आणि बाया अजून शेडखालीच होत्या. आतून चिन्मय काचेवर टकटक करून त्याला बोलवत होता. कानाने तपासलेला पहिला माल आज जायचा होता.

हळद लवकर जात नाही. दोनदा साबण लावावा लागला. मग त्याने तोंड पुसलं, पहारेकऱ्याला कपाळ दाखवलं आणि आत जाऊन कानाशेजारी उभा राहिला.